आत्याबाईंचं वाळवण आणि स्कॉटलंडच्या बागा

स्कॉटलंडमधल्या बागा मी झाडून सगळ्या पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या एकाही फुलाचं नाव मला सांगता येणार नाही.

ऊन कुठल्या बागेत किती वाजता येतं, कुठली भिंत तापते, वारा कुठून सुटतो आणि पाखरं किती हावरट आहेत, हे मात्र विचारा. झोपेतून उठवून विचारा! पण गुलाब कुठले आणि ट्यूलिप कुठले, असं कुणी विचारलं की मी पदर सावरते आणि चहाला आधण ठेवायला आत जाते.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. पिंपरीला तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. बाकी सगळी बाजरी आणि बाभळी. आमचे हे (दत्तात्रय, नाव मी एकदाच घेणार) देहूरोडला लष्कराच्या कामावर फिटर होते. पिंपरीत निघणाऱ्या एका नव्या कारखान्यानं त्यांना निवडलं आणि यंत्रं शिकायला दोन वर्षं स्कॉटलंडला पाठवायचं ठरवलं. करार सरळ होता. दोन वर्षं पुरी केली तर परत आल्यावर पक्की नोकरी आणि कंपनीच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर. मधेच सोडून आलात तर नोकरी नाही आणि घरही नाही.

ते दोन खोल्यांचं घर माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की फडताळ कुठं ठेवायचं आणि खिडकीला पडदा कुठला लावायचा, ते मी बोटीत बसायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. लग्न झाल्यापासून चिखलीच्या घरात चुलते, चुलत्या, पोरंटोरं आणि दोन म्हशी, एवढ्या सगळ्यांच्या मधे राहिलेल्या बाईला स्वतःच्या कडीकोयंड्याचं दार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

यांच्या आईला मी आत्याबाई म्हणत असे. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर नऊवारी लुगडं आणि पोटी एकुलता एक मुलगा. मुलगा विलायतेला निघाला म्हटल्यावर त्यांनी जाहीर केलं, "म्या बी येनार."

"आई, वाटेत समुद्र आहे," हे म्हणाले.

"मंग? इंद्रायनी काय कोरडी आसती व्हय?"

"अहो आत्याबाई, कशाला दगदग करता?" मी मधे तोंड घातलं. "मी आहे ना यांच्याबरोबर!"

आत्याबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाल्या, "त्येच तर म्हंते म्या."

झालं! बोटीत आम्ही तिघं चढलो, आणि आमच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत कुरडया, पापड, शेवया, सांडगे आणि या सगळ्यांवर पहारा करायला पितळेचा सोऱ्या. बोटीच्या पोटात महिनाभर दमट हवा खाऊन ट्रंक स्कॉटलंडला पोचली. आत्याबाईंनी झाकण उघडलं. आतमध्ये हिरवी, निळी, करडी अशी सगळ्या रंगांची बुरशी डवरलेली! स्कॉटलंडमध्ये मी पाहिलेली पहिली बाग ती. शाबूत राहिला तो फक्त सोऱ्या.

हिवाळा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. तिथलं जेवण म्हणजे उकडलेला बटाटा आणि त्याला सोबत म्हणून दुसरा उकडलेला बटाटा. आत्याबाई वाळत चालल्या. तोंडाला चव नाही, बोलायला माणूस नाही आणि सूर्य तर पुण्यातच राहिलेला! शेवटी एका सकाळी त्यांनी लेकाला समोर बसवलं.

"दत्तू, चैत लागला. आपल्याकडं घरोघरी वाळवनं चालली आसतील. मला बी कुरडया घालायच्यात."

"आई, इथं कुठं..."

"मला ऊन दाव. ऊन घावलं तर ऱ्हाते. न्हाई घावलं तर मला बोटीत बशिव."

"आई, इथं ऊन म्हणजे..."

"सूर्व्य हाय का न्हाई ह्या देशात?"

"आहे," हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "म्हणजे, असावा."

मी यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, म्हणजे काय आता?"

"म्हणजे आईला एकटीला बोटीत बसवता यायचं नाही. मलाही जावं लागेल."

"आणि नोकरी?"

"कसली नोकरी?"

"आणि घर?"

माझ्या डोळ्यांसमोर पडदा फाटला, फडताळ कोसळलं आणि चिखलीच्या दोन्ही म्हशींनी माझ्याकडे मान वळवून बघितलं. त्या क्षणी मी ठरवलं, उभा स्कॉटलंड पालथा घालीन, पण या बाईला ऊन मिळवून देईन!

सुरुवात घरापासून केली. आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. बटाट्याच्या चकत्या उकडून मी नमुन्यादाखल खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घातल्या. गावात जितके कारखाने, त्याच्या दुप्पट धुराडी. संध्याकाळी चकत्या पाहिल्या तर कोळशाच्या वखारीतून आणल्यासारख्या काळ्या ठिक्कर! आत्याबाईंनी एक उचलून बघितली आणि म्हणाल्या, "दात घासाया बरी हाय."

आमच्या खालच्या मजल्यावर मिसेस मॅकनील नावाची बाई राहायची. मॅट्रिकला इंग्रजीत मी वर्गात पहिली होते. पण त्या गावातले लोक जे बोलत ते आमच्या मास्तरांनी कधी शिकवलंच नव्हतं. मिसेस मॅकनीलचं चारातलं एक वाक्य मला कळायचं. माझं एकही तिला कळत नसे. तरी दोघींचं छान जमायचं. तिला मी हातवारे करून विचारलं की ऊन कुठे मिळेल? ती हसून म्हणाली, "ऊन हवं असेल तर बागेत जा गं!"

हे वाक्य मला कळलं. कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

त्या रविवारपासून आमची बागांची यात्रा सुरू झाली. पहिली बाग गावातलीच. मधे वाद्यं वाजवायचा घुमट, भोवती फुलांचे ताटवे आणि हिरवंगार गवत. आत्याबाईंनी चप्पल काढली, उकिडव्या बसल्या आणि जमिनीवर तळहात टेकवला. तवा तापला की नाही ते बघावं तसा. मग हात उचलून हुंगला आणि मान हलवली.

"गार हाय. मढ्यावानी."

एवढ्यात शिट्टी वाजली! गणवेशातला बागेचा शिपाई धावत आला आणि एका पाटीकडे बोट दाखवू लागला. गवतावर पाऊल ठेवायला बंदी!

"काय म्हंतोय ह्यो हवालदार?" आत्याबाईंनी विचारलं.

"गवतावर चालायचं नाही म्हणतोय."

"मंग ठेवलंय कशाला? म्हशी बी दिसंनात कुटं."

"त्या काय म्हणाल्या?" शिपायानं मला विचारलं.

"त्या म्हणाल्या, तुमचं गवत फार सुंदर आहे," मी म्हणाले.

शिपायानं टोपीला हात लावला. त्या दिवशी मला दुभाष्याच्या धंद्यातलं मर्म कळलं. (आमचे हे त्या वेळी कुठे होते? दूर एका पुतळ्याखालचा मजकूर वाचत होते. दोन वर्षांत त्या देशातल्या सगळ्या पुतळ्यांखालचे मजकूर यांचे तोंडपाठ झाले.)

मग आम्ही हातपाय पसरले. कधी आगगाडीनं, कधी बसनं, डब्यात धपाटे आणि पुरचुंडीत नमुन्याच्या चकत्या घेऊन आम्ही एकामागून एक बागा धुंडाळल्या. सगळीकडे आत्याबाईंचा रिवाज एकच. बसायचं, तळवा टेकवायचा, हुंगायचा, मान हलवायची. एका बागेतला म्हातारा माळी लांबून हे बघत होता. तो हळूच जवळ आला आणि मला म्हणाला, "बाईंना मातीतलं कळतं, नाही का?"

"फार!" मी म्हणाले.

"काय मत आहे त्यांचं आमच्या मातीबद्दल?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. "हिच्यात घोरपड बी मरंल गारठून," आत्याबाई म्हणाल्या.

"अशी माती त्यांनी आयुष्यात पाहिली नाही म्हणतात."

बिचाऱ्यानं भारावून आत्याबाईंना कसलीशी एक फुलांची फांदी तोडून दिली. आत्याबाईंनी ती वाटेतल्या बकरीला घातली.

पण खरी फजिती झाली ती एका जुन्या गढीवरच्या बागेत. बाग म्हणजे काय बाग! शेकडो वर्षांची झुडपं कातरून कुठे मोर केलाय, कुठे घुमट केलाय, कुठे नुसताच चेंडू. एक टाय बांधलेले गृहस्थ सगळ्या पाहुण्यांना फिरवून माहिती सांगत होते. मी भाषांतर करत होते.

"आत्याबाई, हे कुंपण तीनशे वर्षांचं आहे म्हणतात."

"फळ काय धरतं?"

"फळ नाही. शोभेचं."

"तीनशे वर्सं कातरत्यात, आन फळ न्हाई?" आत्याबाईंनी त्या गृहस्थांकडे अत्यंत कणवेनं बघितलं.

पुढे बागेच्या मधोमध दगडी खांब होता आणि त्यावर पितळेची गोल तबकडी. उन्हाचं घड्याळ! ते ऐकलं मात्र, आत्याबाईंचे डोळे चमकले. "उनाचं घड्याळ? म्हंजी हितं ऊन पडत आसनार! उगं का कोन एवढा खर्च करील?" आणि देवाची करणी अशी की नेमके त्याच वेळी ढग फाटले आणि त्या तबकडीवर पिवळंधमक ऊन पडलं. आत्याबाईंनी तबकडीला तळवा लावला आणि त्यांचा चेहरा उजळला! सहा महिन्यांत पहिल्यांदाच!

सगळे पाहुणे त्या गृहस्थांच्या मागे हौदाकडे वळले. मीही वळले, कारण मला वाटलं आत्याबाई आपल्या मागे आहेत. त्या नव्हत्या. हौदावरून परत येताना ते गृहस्थ मोठ्या ऐटीत म्हणाले, "हे घड्याळ दोनशे वर्षं अचूक वेळ दाखवतं आहे. बघा बरं, आत्ता किती वाजलेत?"

सगळे वाकले. वेळ कुणालाच दिसेना. तबकडीवर बटाट्याच्या चकत्या मांडलेल्या होत्या, छान गोलात, कडेपासून आतपर्यंत. दहापासून तीनपर्यंतचा वेळ पूर्ण झाकला गेला होता. आत्याबाई शेजारी उभ्या राहून पदरानं माश्या वारत होत्या.

"हे... हे काय आहे?" गृहस्थांचा आवाज चिरकला.

मी यांच्याकडे पाहिलं. हे कातरलेल्या मोरामागे गेलेले!

"आमच्याकडे," मी घसा खाकरला, "घड्याळाला नैवेद्य दाखवायची पद्धत आहे."

आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला स्वतः ते गृहस्थ आले. इतर पाहुण्यांना तो मान मिळाला नाही. चकत्या त्यांनी एका कागदात बांधून परत दिल्या. आत्याबाईंनी त्या मोजून घेतल्या आणि वर मला म्हणाल्या, "एक कमी हाय. त्येनं खाल्ली."

त्यानंतर काचेच्या घरातली बाग पाहिली. आत शिरताच भट्टीसारखी ऊब! आणि समोर केळ! खरी, आपली, हिरव्या पानांची केळ! आत्याबाईंनी तिला मिठी मारली. "आगं माजी बाय, तू कशाला आलीस गं हितं?" म्हणून त्या रडल्या आणि त्यांचं बघून मीही रडले. मग तिथेच बैठक मारून त्या म्हणाल्या, "म्या हितंच ऱ्हाते. दत्तूला सांग, भाकरी हितं आनून दे." बाग बंद व्हायची घंटा झाली तरी उठेनात. पण तिथली हवा ओली. चकत्यांना दुसऱ्याच दिवशी बुरशी धरली, आणि तीही आशा संपली.

असा सगळा उन्हाळा (म्हणजे तिथले लोक ज्याला उन्हाळा म्हणतात तो) निम्मा सरला. एके दिवशी यांनी बोटीच्या कचेरीत चौकशी केल्याचं मला कळलं. मी जिन्यात बसून रडत होते, तेवढ्यात मिसेस मॅकनील धुण्याची पाटी घेऊन खाली निघाली.

"काय झालं गं?"

मी सगळं सांगितलं. कुरडया, घड्याळ, केळ, पडदा, फडताळ, म्हशी. तिला किती कळलं देव जाणे! पण हातवाऱ्यांवरून 'पसरून वाळवायचं' एवढं तिनं ओळखलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, मग नदीकाठच्या हिरवळीवर का नाही जात?"

ती हिरवळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. दर रविवारी आम्ही तिच्या कडेनं स्टेशनला जायचो! पण तिथे ताटवा नव्हता, पुतळा नव्हता, साधं झाडसुद्धा नव्हतं. आणि मी पडले बागांची जाणकार. असल्या बोडक्या मैदानाकडे मी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"तिथे गवतावर बंदी नाही?" मी शिट्टी फुंकल्याची खूण करून विचारलं.

"बंदी?" मिसेस मॅकनील कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिथं धुणं वाळत घालायचा आमच्या गावच्या बायकांचा हक्क आहे! माझी आजी घालायची, तिची आजी घालायची. ते लोखंडी खांब दिसले नाहीत तुला? दोऱ्या बांधायचे? कुणी अडवून तर बघू दे!"

आत्याबाईंना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "सावली किती?"

"अजिबात नाही. एकही झाड नाही."

"ह्येला म्हंत्यात बाग!" आत्याबाई म्हणाल्या आणि गहू आणायला मला पिटाळलं.

गहू मिळाला कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, कोंबड्या किती? म्हटलं, एकच आहे, पण ऐकत नाही. गहू तीन दिवस भिजला. त्याच्या आंबूस वासानं वरच्या मजल्यावरच्या माणसानं गटार तुंबलं म्हणून तक्रार केली. मग खिम्याचं नवं कोरं यंत्र आणून त्यात गहू वाटला आणि चीक काढला. (ते यंत्र कशाचं, ते त्या माळकरी बाईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.) मिसेस मॅकनीलचा गुडघा पावसाच्या आदल्या दिवशी हमखास ठणकायचा. त्या रात्री तो ठणकला नाही. सकाळी आभाळ निरभ्र! आत्याबाईंनी पहाटेच पातेलंभर चीक शिजवला.

आता चीक गरम असतानाच सोऱ्यातून कुरडई पडली पाहिजे. गार झाला की घट्ट होऊन बसतो. पातेलं धगधगीत आणि हिरवळीपर्यंत न्यायचं कसं? मिसेस मॅकनीलनं नातवाची बाबागाडी काढली. पातेलं घोंगडीत गुंडाळून आत ठेवलं, वर छत्री ओढली आणि निघालो. पुढे मी गाडी ढकलतेय, मागे सोऱ्या हातात धरून आत्याबाई, त्यांच्यामागे धुण्याची पाटी घेऊन मिसेस मॅकनील आणि रस्त्याच्या पलीकडून, आमचा काही संबंध नसल्यासारखे, हे.

कोपऱ्यावर एक म्हातारी बाई आडवी आली. बाबागाडी दिसली की बायका थांबतात, सगळ्या देशांत थांबतात!

"अगं बाई! किती दिवसांचं?"

"तीन!" मी गहू भिजल्यापासूनचे सांगितले.

"तीन दिवसांचं? आणि बाहेर काढलंत? अगं, पण... वाफ येतेय!"

"तापट आहे जरा," मी म्हणाले. "आजीवर गेलंय."

म्हातारी छातीवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. आम्ही गाडी पळवली.

हिरवळीवर पोचताच आत्याबाईंनी तळवा टेकवला. हुंगला. आणि मान उभी हलवली! आदल्या रात्री धुतलेलं ओलं नऊवारी लुगडं आम्ही गवतावर पसरलं. नऊ वार म्हणजे काय असतं ते त्या दिवशी त्या गावानं पाहिलं. एका खांबापासून निघालं ते पार पलीकडच्या खांबापर्यंत! आत्याबाईंनी पदर खोचला, सोऱ्यात चीक भरला आणि पहिली कुरडई पाडली. पांढरीशुभ्र, जाळीदार. मग दुसरी. मग तिसरी.

तिसरीवर शिट्टी वाजली.

तोच शिपाई! गावातल्या बागेचाच! ही हिरवळही त्याच्याच ताब्यात. तोंड लाल करून तो आला आणि म्हणाला, "हे काय चाललंय? इथं फक्त धुणं वाळवायची परवानगी आहे. धुणं! हे खाणं आहे!"

पातेल्यातला चीक गार होत होता, आणि त्याच्याबरोबर माझं दोन खोल्यांचं घरही. मी आत्याबाईंना सांगितलं. वाटलं, आता बाई सोऱ्या फेकून मारणार. पण आत्याबाईंनी शांतपणे त्याच्याकडे बघितलं.

"त्येला इचार, लुगडं धुतल्यालं हाय का न्हाई?"

मी विचारलं. तो वाकला. "आहे."

"वलं हाय का न्हाई?"

त्यानं बोट लावून पाहिलं. "ओलं आहे."

"वाळत घातलंय का न्हाई?"

"घातलंय, पण..."

"मंग झालं की! लुगडं माजं. त्येच्यावर म्या बसंन, न्हाईतर कुरडया घालंन. तुजं काय जातंय रं बाबा?"

आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याबाईंच्या बोलण्याचं शब्दाला शब्द भाषांतर केलं. एक अक्षर गाळलं नाही. मिसेस मॅकनीलनं टाळी वाजवली आणि पुढची सूत्रं हातात घेतली. "कायदा सांग ना! धुण्यावर काय ठेवायचं नाही, असं लिहिलंय कुठं? दाखव! माझ्या आजीच्या वेळेपासूनचा हक्क आहे हा!" आसपासच्या दोऱ्यांवर धुणं घालणाऱ्या बायका ओल्या हातांनी जमा झाल्या. शिपायानं एकदा लुगड्याकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि परत खिशात ठेवली.

आत्याबाईंना एवढ्यात दया आली होती. त्यांनी वाटीभर गरम चीक काढून त्याच्यापुढे धरला. "खा बाबा. वरडून घसा बसला आसंल."

त्यानं बिचकत एक घास घेतला. मग दुसरा. मग मला हळूच विचारलं, "थोडं मीठ मिळेल का? आमच्या सकाळच्या लापशीचीच बहीण दिसतेय ही!"

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. पण आभाळात पांढरं काहीतरी फिरायला लागलं. समुद्रपक्षी! कोंबडीएवढे, आवाज भांडकुदळ आणि नजर सरळ कुरडयांवर. एकानं झडप घालून एक कुरडई उचलली. आत्याबाई खवळल्या. "आरं मुडद्या! ठिव खाली!" मी पदर उडवला, मिसेस मॅकनीलनं ओला टॉवेल फिरवला, पण पक्षी काही हटेनात.

आणि तेव्हा शिट्टी वाजली!

वाटी गवतावर ठेवून तो शिपाई लुगड्याच्या काठाकाठानं धावत होता आणि गाल फुगवून पक्ष्यांवर शिट्टी फुंकत होता. त्या शिट्टीला एवढा धाक असेल असं मला वाटलं नव्हतं. पक्षी पार नदीपलीकडे गेले! पुढे दिवसभर तो तिथून हलला नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला आत्याबाई. मधेच त्या त्याला हाक मारत, "हवालदार, तकडं बग, तकडं!" आणि त्याला बरोबर कळायचं.

पाच वाजले, ऊन होतं. सात वाजले, ऊन होतं. मी आवरायला उठले तर आत्याबाई म्हणाल्या, "बस खाली. आजून हाय." आठ वाजले. नऊ वाजले! घरोघरची जेवणं झाली, मुलं झोपायला गेली आणि सूर्य आपला नदीवर रेंगाळतोय. आत्याबाई पाय पसरून बसल्या होत्या. तोंडावर पिवळं ऊन. म्हणाल्या, "ह्यांचं ऊन लेकाचं कवळं हाय. पर बसतं बग लई येळ. पाव्हन्यावानी."

एवढ्यात हे आले. दिवसभरात पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आले. "आई, ते बोटीचं तिकीट..."

"कसलं तिकीट?" आत्याबाई कुरडई उलटत म्हणाल्या. "आन फुडल्या साली वाळवनं कोन घालनार? तुजी बायकू? तिला चीक तरी शिजवाया येतो का?"

मला तेवढ्यात रडू आलं. आनंदानं! आयुष्यात इतका गोड अपमान माझा कुणी केला नव्हता. पडदा शिवला गेला, फडताळ उभं राहिलं आणि म्हशींनी माना वळवून घेतल्या.

दोन वर्षं पुरी झाली. आम्ही परत आलो, पिंपरीला नोकरी पक्की झाली आणि कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या. कडीकोयंड्यासकट! आता इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण मला एक वाईट खोड, कुणी विचारलं, तिकडे काय पाहिलंत, की मी म्हणायची, "बागा! सगळ्या!" ही ख्याती मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. कॉलनीसमोरच्या माळावर त्यांना बाग करायची होती. त्यांनी मला मानानं बोलावलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही एवढ्या बागा पाहिल्यात. आम्हाला स्कॉटलंडसारखी बाग आखून द्या."

मी रात्रभर कागद घेऊन बसले. डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. एक ताटवा आठवेना, एक फूल आठवेना! शेवटी जे आठवलं ते काढलं. मधे मोठी सपाट हिरवळ. झाड एकही नाही, कारण सावली पडते. उत्तरेकडे उंच भिंत, दक्षिणेचं ऊन अडवून तापायला. आणि दोन ओळींत लोखंडी खांब.

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "आणि फुलं, वहिनी?"

"चैत्रात येतील," मी छातीठोकपणे सांगितलं.

आणि आली! चैत्रात कॉलनीतल्या घराघरातून बायका निघाल्या. लातूरच्या, साताऱ्याच्या, कोकणातल्या, सगळीकडच्या. आत्याबाई मधोमध शिट्टी घेऊन उभ्या (शिपायानं निरोप देताना त्यांना स्वतःची दिली होती). बघता बघता उभी हिरवळ पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी फुलली. खांबांच्या दोऱ्यांवर शेवया सुटल्या. माळावरून साहेबांची मोटार चालली होती, ती थांबली. साहेब काच खाली करून बघत राहिले.

"वहिनी, हे..."

"स्कॉटलंडात असंच असतं," मी म्हणाले. आणि खरं सांगते, त्या वेळी त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पुढे कॉलनीच्या वार्षिक समारंभात 'उद्यानतज्ज्ञ' म्हणून माझा सत्कार झाला. साहेबांच्या बायकोनं माझ्या गळ्यात मोठा थोरला हार घातला. टाळ्या झाल्या. आत्याबाईंनी पहिल्या रांगेतून शिट्टी फुंकली. मग साहेबांची बायको कौतुकानं माझ्याकडे वाकली आणि तिनं विचारलं, "तुम्हाला तर ठाऊकच असेल, हारातली ही जांभळी फुलं कसली हो?"

मी पदर सावरला आणि चहाचं बघायला आत गेले.